मुळशीचा उणा पारा

पुण्याहून पश्चिमेस निघून चांदणी चौक मागे टाकल्यावर भूगाव, पिरंगुट आणि पौड या क्रमाने मुळा नदीच्या खोऱ्यात शिरणारा, पुढे धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाच्या कडेकडेने वळणे घेत ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पोहोचणारा आणि तेथून एकाएकी कोकणात कोसळणारा जो रस्ता आहे, त्या रस्त्याने ज्याने एकदा तरी प्रवास केला असेल त्यास विळ्याच्या बाजूस उतरताना कानांत दडे बसल्याचा अनुभव निश्चित आला असेल. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे जे वीजगृह आहे ते त्याच्याहून सुमारे पाचशे मीटर खाली आहे. एवढ्या उतरणीत हवेचा दाब किती वाढतो, हा प्रश्न कुलाब्याच्या वेधशाळेतील एखाद्या जुन्या कारकुनास विचारला असता तर त्याने 'सुमारे पावणेदोन इंच' असे उत्तर दिले असते. फ्रेंच ग्रंथ वाचलेल्या प्राध्यापकाने 'साडेत्रेचाळीस मिलिमीटर' म्हटले असते. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीतील हवामानशास्त्रज्ञाने 'अठ्ठावन्न मिलिबार' सांगितले असते. आणि त्याचा आजचा वारस तोच अठ्ठावन्नाचा आकडा कायम ठेवून त्यापुढे 'हेक्टोपास्कल' लिहील. डोंगर तोच, हवा तीच, कानातला दडाही तोच. बदलत गेले ते दप्तर.

या दप्तराच्या बदलाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. एका मानाचे दुसऱ्या मानात रूपांतर करणे हे कोष्टक जवळ असले म्हणजे पाचवीतल्या मुलाचे काम आहे, आणि तेवढ्यासाठी निबंध लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु 'कमी दाब' असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा तो कशापेक्षा कमी, कोणत्या पातळीपासून कमी, आणि ती पातळी कोणी ठरविली, हे प्रश्न कोष्टकात नसतात. आणि मुळशीसारख्या उंचावरच्या मुलखात ते न विचारता केलेले रूपांतर, गणित बिनचूक असूनही, सपशेल खोटे ठरू शकते.

मुळशी तालुक्यास मापे बदलण्याची सवय नवी नाही. पौड खोरे आणि मुसे खोरे ही बारा मावळांतली जुनी खोरी. शिवकाळात जमिनीची मोजणी पाच हात पाच मुठींच्या काठीने झाली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, हा हिशेब अण्णाजी दत्तोंच्या मोजणीबरोबर गावोगाव रुजला. पुढे इंग्रजी अंमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदीची पद्धत याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, १८३५ च्या सुमारास सुरू झाली आणि काठी जाऊन तेहतीस फुटांची साखळी आली, बिघा जाऊन एकर-गुंठे आले. स्वातंत्र्यानंतर सातबाऱ्यावर हेक्टर-आर उमटले, तरी बांधावर भांडण लागले म्हणजे आजही गुंठाच ऐकू येतो. पिकाची आणेवारी ठरविणारे महसूल खाते आता पैसेवारी ठरविते; सोळा आण्यांचे पीक शंभर पैशांचे झाले, पण आठ आण्यांच्या खालचे वर्ष शेतकऱ्यास जसे जड जात होते तसेच पन्नास पैशांच्या खालचेही जाते. माप बदलले तरी मोजावयाची वस्तू बदलत नाही, हे ज्या तालुक्यास जमिनीच्या आणि पिकाच्या व्यवहारात कळले आहे, त्यास हवेच्या बाबतीत ते निराळे शिकवावे लागणार नाही.

हवेस वजन आहे ही गोष्ट प्रथम विहिरीवरच्या पंपाने सांगितली. शोषून घेणाऱ्या पंपाने पाणी चौतीस फुटांहून अधिक वर चढत नाही, हे कारागिरांस ठाऊक होते. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३-४४ च्या सुमारास पाण्याच्या जागी साडेतेरा पट जड असा पारा योजून तोच प्रयोग हातभर नळीत आणला आणि पाऱ्याचा स्तंभ सुमारे शहात्तर सेंटीमीटरांवर स्थिरावतो हे दाखविले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, ब्लेझ पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए हा पाऱ्याची नळी घेऊन मध्य फ्रान्समधील प्यु द दोम या डोंगरावर चढला आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून थोडा अधिक खाली आल्याचे त्याने पाहिले. ते इंच फ्रेंच होते. फ्रेंच इंच इंग्रजी इंचाहून मोठा, आणि त्याचे बारा भाग करून त्यांस 'रेषा' म्हणत. म्हणजे दाबाच्या मोजणीचा जन्म झाला त्याच दिवसापासून रूपांतराची कटकटही तिच्या मागे लागली. ताम्हिणीचा घाट पेरिएच्या चढणीच्या निम्म्याइतका आहे. त्या प्रयोगाची लहान आवृत्ती येथे कोणासही अर्ध्या दिवसात करता येईल, कारण हल्लीच्या पुष्कळ भ्रमणध्वनींतही दाब मोजणारा एक सूक्ष्म अवयव बसविलेला असतो.

आपल्याकडे पाऱ्याचे हे यंत्र शास्त्रशुद्ध रीतीने वापरात आले ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. कंपनी सरकारने १८२६ साली स्थापन केलेल्या या वेधशाळेशी मराठी विद्वत्तेचा संबंध पुष्कळ जवळचा आहे, आणि तो आपण फारसा आठवीत नाही. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. आणि पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून कीर्ती पावलेले, ज्यांच्यापाशी लोकमान्य टिळक गणित शिकले ते केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत साहाय्यक होते. पंचांगाची कोष्टके शुद्ध करणाऱ्या या गणितज्ञाच्या हातास वेधांच्या नोंदींचे वळण येथेच लागले असले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पाऱ्याचा वायुभारमापक वाचणे ही एक शिस्त होती, आणि ती शिस्त ज्यांनी पाहिली नाही त्यांस दाबाच्या एका आकड्यामागे किती कष्ट होते याची कल्पना येणार नाही. फॉर्तिन नावाच्या फ्रेंच कारागिराने बसविलेल्या पद्धतीच्या यंत्रात खाली पाऱ्याची कुंडी असे आणि तिच्यात वरून एक हस्तिदंती टोक लोंबत असे. निरीक्षकाने प्रथम यंत्रास जोडलेला तापमापक वाचावयाचा, कारण यंत्राजवळ उभे राहिल्याने अंगाच्या उष्णतेनेही त्यातला पारा चढू लागतो. मग तळाचा स्क्रू हलके फिरवून कुंडीतला पारा इतका वर आणावयाचा की हस्तिदंती टोक आणि पाऱ्याच्या आरशात दिसणारे त्याचे प्रतिबिंब ही दोन्ही एकमेकांस नेमकी भिडावीत. ना मध्ये उजेड दिसावा, ना पाऱ्यास खळगा पडावा. त्यानंतर नळीस बोटाने हलकेच टिचकी द्यावयाची, म्हणजे काचेस चिकटलेला पारा सुटतो. शेवटी व्हर्नियरची कड पाऱ्याच्या फुगीर माथ्यास स्पर्श करील अशी आणून इंचाचा हजारावा भाग वाचावयाचा. एवढे झाले म्हणजे वहीत एक आकडा उतरे, आणि तो आकडाही अजून कच्चाच असे.

तो पक्का कसा होत असे ते मुळशीचेच उदाहरण घेऊन पाहू. असे एखादे यंत्र धरणाच्या काठी टांगले आहे आणि त्यात पारा ७१० मिलिमीटरांवर उभा आहे, असे समजा. खोलीत पंचवीस अंश उष्णता असेल तर तापलेला पारा प्रसरण पावलेला असतो आणि म्हणून खऱ्यापेक्षा उंच दिसतो. पितळी पट्टीचे प्रसरण जमेस धरूनही त्यातून सुमारे २.९ मिलिमीटर वजा करावे लागतात. मुळशी साडेअठरा अक्षांशांवर आहे. येथे गुरुत्वाकर्षण प्रमाण मूल्याहून किंचित उणे, पाऱ्याचे वजन त्या मानाने हलके, आणि म्हणून तेवढाच दाब पेलावयास पारा थोडा अधिक उंच उभा राहतो. त्यापोटी आणखी दीड मिलिमीटर वजा. दोन्ही वजावाटी मिळून सुमारे साडेचार मिलिमीटर, म्हणजे सहा मिलिबार होतात. समभाररेषा दोन-दोन मिलिबारांच्या अंतराने काढणाऱ्या नकाशावर सहा मिलिबारांची चूक म्हणजे तीन रेषांची चूक. ती दुरुस्त न करता नकाशा काढला तर जेथे कमी दाबाचे क्षेत्र आहे तेथे काहीच दिसणार नाही. एककाचे रूपांतर करणाऱ्याने इंचास ३३.८६ ने गुणले आणि काम झाले असे समजले, तर त्याचा गुणाकार बरोबर आणि हवामान चूक, अशी कैफियत होते.

यावर आणखी एक गुंतागुंत उष्ण कटिबंधाने आपल्या पदरात टाकलेली आहे. समुद्रास जशी भरती-ओहोटी असते तशी हवेच्या दाबासही असते, आणि आपल्या अक्षांशांत ती इतकी नियमित असते की तिच्यावरून घड्याळ लावावे: सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वांत अधिक, पहाटे चारला आणि दुपारी चारला सर्वांत कमी. हा चढउतार तीन-चार मिलिबारांचा असतो. लंडनमध्ये पारा दुपारी तीन मिलिबार उतरला तर माणूस छत्री शोधील. पुण्यात तेवढा तो रोजच उतरतो आणि त्याचा अर्थ दुपार झाली एवढाच असतो. म्हणून निरीक्षणाची वेळ ठरलेली असावी लागते, आणि आकड्यापुढे एकक लिहिण्याआधी घटिका लिहावी लागते.

परंतु सर्वांत मोठी वजावाट उंचीची. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने सहाशे मीटरांवर दाब सुमारे ९४३ मिलिबार भरतो. पाऱ्याच्या भाषेत सातशे सात मिलिमीटर, इंग्रजी भाषेत २७.८५ इंच. समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ मिलिबार, ७६० मिलिमीटर, २९.९२ इंच. म्हणजे मुळशी आपल्या जागेच्या उंचीपायी सत्तर मिलिबार कायमची गमावून बसलेली आहे. याची थोरवी कळावयास एक गोष्ट पुरे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास धडकले आणि पुढे पुणे जिल्ह्यातून गेले. मुळशी-मावळात घरांची छपरे आणि पॉलिहाउसे त्याने उचलून फेकली. त्या वादळाच्या केंद्रातला समुद्रसपाटीवरचा न्यूनतम दाब ९८४ हेक्टोपास्कल नोंदला गेला. वाऱ्याची झुळूकही नाही अशा निवांत, निरभ्र दिवशी मुळशीच्या काठी टांगलेला पारा त्या वादळाच्या केंद्राहूनही चाळीस मिलिबारांनी खाली असतो! कच्चा आकडा नकाशावर मांडला तर सह्याद्रीच्या माथ्यावर बाराही महिने महाभयंकर चक्रीवादळ ठाण मांडून बसल्याचे दिसेल. म्हणूनच प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीस आणून मग तुलना करावयाची, असा हवामान खात्याचा शिरस्ता पडला. वर्तमानपत्रात ज्या 'कमी दाबाच्या पट्ट्या'ची बातमी आपण जूनपासून वाचतो तो पट्टा या वजावाटीनंतर उरलेला असतो. डोंगराचा उणेपणा काढून टाकल्यावर आकाशाचा उणेपणा दिसतो.

उंची आणि दाब यांचा हा संबंध उलट बाजूनेही उपयोगास आणला गेला. दुर्गम मुलखात पाऱ्याची तीन फुटी नळी न फोडता नेणे हे मोठेच दिव्य असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातले मोजणीदार पाणी उकळून डोंगराची उंची काढीत. समुद्रकाठी पाणी २१२ अंश फॅरनहाइटवर उकळते. मुळशीस ते साडेतीन अंश अगोदर, म्हणजे सुमारे ९८ सेल्सियसला उकळते. १८४४ साली फ्रेंच संशोधक व्हिदी याने निर्वात डबीचा, पाराविरहित वायुभारमापक प्रचारात आणल्यावर ही यातायात कमी झाली, आणि खिशात मावणाऱ्या त्या यंत्राच्या तबकडीवर इंचांच्या शेजारी फुटांचे वर्तुळही आले.

भिऱ्याकडे वळल्यावाचून या पाचशे मीटरांची कथा पुरी होत नाही. टाटा कंपनीने खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये चालू केले, आणि याच सुमारास मुळा नदी अडवून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस सोडण्याची योजना हाती घेतली. त्या धरणात आपल्या जमिनी आणि घरे बुडू नयेत म्हणून मावळ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस सेनापती ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. पुढे १९२४ च्या सुमारास लढा मोडला, धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. त्या पाण्याच्या दाबाचा हिशेब तत्कालीन अभियंते फूट आणि चौरस इंचामागे पौंड या मानांनी करीत. पाचशे मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी चौरस इंचास सातशेहून अधिक पौंड दाब देतो. मिलिबारांत लिहावयाचे तर सुमारे एकोणपन्नास हजार. त्याच उतारावर, त्याच दोन बिंदूंच्या दरम्यान, हवेचा स्तंभ देतो फक्त अठ्ठावन्न. ज्या एककात पाण्याचा हिशेब सुटसुटीत होतो त्यात हवेचा आकडा नगण्य होतो, आणि ज्यात हवा नेमकी मोजता येते त्यात पाणी अवाढव्य. प्रत्येक धंद्याने आपापले माप का धरून ठेवले याचे उत्तर अज्ञान किंवा हट्ट यांत नसून बहुतांशी या प्रमाणात आहे. शेजारच्या खंडाळ्याच्या घाटात गाड्या निर्वात ब्रेकवर चालत तेव्हा इंजिनातल्या तबकडीवर २१ इंच निर्वात लागत असे; दशमान आले आणि त्याचे ५३ सेंटीमीटर झाले. इंजिनड्रायव्हरने कधी मिलिबार मागितले नाहीत, आणि त्याने ते का मागावेत?

आता पुण्यातल्या मुख्य कचेरीकडे येऊ. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे कलकत्त्यास होते, पुढे सिमल्यास गेले, आणि १९२८ साली तेथून पुण्यास आले. मनोऱ्याच्या घड्याळाची ती दगडी इमारत शिवाजीनगरास उभी राहिली, आणि पुणेकरांनी पुण्यातल्या कचेरीस 'सिमला ऑफिस' हे नाव देऊन ते आजतागायत चालविले आहे. १९४४ पर्यंत, मुख्य ठाणे दिल्लीस हलेपर्यंत, संबंध देशाचा दाब याच ठिकाणी गोळा होत असे. तारा येत, आकडे उतरत, समभाररेषा ओढल्या जात. यापूर्वीच गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशीच्या दाबांच्या नोंदी एकत्र करून, पॅसिफिकवर दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावर उतरतो, हा झोका हुडकून काढला होता. निरनिराळ्या राष्ट्रांची दप्तरे निरनिराळ्या मानांत असताना अशी तुलना करणे म्हणजे आधी रूपांतराचे डोंगर उपसणे होते, आणि त्या काळी ते काम कारकुनांच्या बोटांनी होत असे.

मिलिबाराचा उगम याच अडचणीत आहे. इंच आणि मिलिमीटर ही लांबीची मापे होत, दाबाची नव्हेत. पारा किती तापला आहे आणि कोठे उभा आहे हे सांगितल्याखेरीज त्यांस अर्थ नाही. नॉर्वेचे बियर्कनेस आणि ब्रिटिश खात्याचे नेपियर शॉ यांनी आग्रह धरला की दाबास बलाचे माप हवे. ब्रिटिश हवामान खात्याने १९१४ मध्ये मिलिबार स्वीकारला आणि भारतीय दप्तरही यथावकाश त्याच वाटेने गेले. आपल्या जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या मनुष्यास हे रूपांतर मुळीच जड नाही. मिलिबारांची पाऊणकी केली म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर मिळतात: हजाराचे साडेसातशे, मुळशीच्या ९४३ चे सातशे सात. कोष्टकात पाहून मिळणाऱ्या उत्तरात आणि या तोंडी उत्तरात दशांशाहून अधिक फरक पडत नाही. पंतोजींच्या छडीने केलेल्या उपकारांची यादी लहान आहे. तीत हा एक घालावा.

स्वातंत्र्यानंतर याच पुण्यात हवामानाची उपकरणे देशात घडविण्याचा उद्योग झाला. अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाण नकाशे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. यंत्र परदेशाहून आले की त्याची पट्टीही परदेशाची येते. पट्टी येथे कोरली जाऊ लागली तेव्हाच माप आपले झाले, आणि या गोष्टीचे महत्त्व १९५६ च्या दशमान कायद्याइतकेच मानले पाहिजे. त्यानंतरचे बदल कागदावरचे. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने दाबाच्या एककास पास्कालचे नाव दिले. ते इतके लहान की हवामानवाल्यांनी त्याच्या शंभरपटीस, हेक्टोपास्कलास, जवळ केले आणि १ जानेवारी १९८६ पासून जागतिक व्यवहारात ते नाव रूढ झाले. एक हेक्टोपास्कल म्हणजे बरोबर एक मिलिबार. आकडा तसूभर हलला नाही. पाटी तेवढी बदलली.

खरी फसगत होते ती याहून खालच्या दाबांच्या मुलखात, जेथे हवा काढून टाकण्याचाच धंदा आहे. पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा शीतयंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जी निर्वात दाखविणारी तबकडी असते ती शून्यापासून मोजीत नाही. बाहेरच्या हवेपासून खाली मोजते. आता समुद्रकाठी बसून लिहिलेल्या पुस्तिकेत 'काटा २९ इंचांवर आणावा' अशी सूचना असली आणि मुळशीतल्या कारागिराने ती बरहुकूम पाळावयाचे ठरविले, तर पंप रात्रंदिवस चालवूनही काटा २७.८५ च्या पुढे जाणार नाही; कारण काढून टाकण्याजोगी हवाच तेवढी आहे. पंप बिघडला असे समजून बिचारा तो खोलून बसेल. खोल निर्वातासाठी म्हणूनच निरपेक्ष शून्यापासून मोजणारी माने लागतात: तोरिचेल्लीच्या स्मरणार्थ ठेवलेला टॉर, म्हणजे वातावरणाचा ७६० वा हिस्सा, १३३.३२ पास्काल; त्याचा हजारावा भाग मायक्रॉन. शीतयंत्रात वायू भरण्यापूर्वी पाचशे मायक्रॉनपर्यंत उतरावे असे सांगतात. ते होतात सुमारे ६७ पास्काल, किंवा पाऱ्याचा अर्धा मिलिमीटर, किंवा इंचाचे अवघे दोन शतांश. इंचांच्या तबकडीवर हे अंतर डोळ्यांस दिसणारही नाही. असले सूक्ष्म दाब मोजण्याची युक्ती मॅक्लिऑडने १८७४ साली काढली: विरळ वायूचे मोठे घनफळ पाऱ्याने दाबून लहान करावयाचे, वाढलेला दाब वाचावयाचा आणि बॉइलच्या नियमाने मूळ दाब काढावयाचा.

टॉर आणि पाऱ्याचा मिलिमीटर यांत सुमारे सत्तर लाखांत एक एवढा फरक आहे, आणि ग्रंथकार तो मोठ्या आस्थेने नमूद करतात. पण निरपेक्ष दाब आणि बाहेरच्या हवेपासून मोजलेला दाब यांतला फरक, जो मुंबईत ७६० आणि मुळशीत ७०७ मिलिमीटर असतो, तो पुष्कळदा कोणीच लिहीत नाही. डॉक्टर ज्या १२० मिलिमीटरांनी आपला रक्तदाब सांगतात तेही बाहेरच्या हवेच्या वर मोजलेले. म्हणूनच ताम्हिणी चढून आलेल्या माणसाच्या कागदावर घाटाची वजावाट करावी लागत नाही.

पाऱ्याची यंत्रे आता निघून चालली आहेत. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पारा वापरातून काढण्याचे धोरण जगभर आले आणि वायुभारमापकाची जागा विद्युत संवेदकांनी घेतली. तो निर्णय आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. जुन्या वह्या मात्र पाऱ्याबरोबर जाऊ नयेत. शाळा, जुन्या कचेऱ्या, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि हौशी गृहस्थांची घरे यांत अशा वह्या अजून सापडतात, आणि त्या संगणकावर चढविताना इंचांचे हेक्टोपास्कल करून मूळ आकडा टाकून देण्याची घाई होते. तसे करू नये. मूळ इंच जसेच्या तसे ठेवावेत. त्यांच्या शेजारी यंत्राची जात, जोडतापमापकाचा आकडा, निरीक्षणाची वेळ, जागेची उंची आणि तो दाब जागेवरचा आहे की समुद्रसपाटीस आणलेला आहे, एवढे लिहावे. आणि रूपांतर, करावयाचेच असेल तर, शेवटच्या रकान्यात करावे.